ब्रिस्टॉल बंदरातील जुनी मद्यगृहे आणि त्यांच्या इतिहासाचा शोध

मद्यगृहांचा इतिहास धर्मप्रांताच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचक निश्चितच विचारतील. मद्याने किती संसार धुळीस मिळविले हे आपण सारे आपापल्या धर्मग्रामांत पाहत आलो आहोत. तेव्हा दारूच्या दुकानाचे कौतुक करण्याचा येथे हेतू नाही. परंतु गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीचा एक अत्यंत महत्त्वाचा पुरावा इंग्लंडमधील एका बंदराच्या मद्यगृहांतून गोळा झाला आणि तो गोळा करून देण्यास एका मद्यगृहाच्या चालकानेच साहाय्य केले, ही हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी असे वाटते. ती समजून घ्यावयाची तर अशा जुन्या मद्यगृहांचा इतिहास कसा शोधतात आणि त्यात खरे काय, सांगोवांगी काय हे कसे ओळखतात, तेही समजून घ्यावे लागते.

हे बंदर म्हणजे ब्रिस्टॉल. राजा राममोहन रॉय यांचे १८३३ मध्ये याच शहराच्या परिसरात निधन झाले, त्यामुळे भारतीय वाचकांना हे नाव अपरिचित नाही. शहर प्रत्यक्ष समुद्रकाठी नसून ॲव्हन नदीने काही मैल आत आहे. येथील भरती-ओहोटीतील अंतर जगातील मोठ्या अंतरांपैकी एक आहे. पूर्वी ओहोटी लागली की धक्क्याला लागलेली जहाजे चिखलात रुतून बसत. १८०९ मध्ये नदीचे पाणी अडवून कायम तरते बंदर बांधले गेले, तेव्हा ही अडचण दूर झाली. त्याआधी भरतीची वाट पाहणे हा खलाशांच्या जीवनाचा भागच होता आणि वाट पाहण्याची जागा म्हणजे धक्क्यामागच्या गल्ल्यांतील मद्यगृह.

‘पब्लिक हाउस’ म्हणजे शब्दशः सार्वजनिक घर. जुन्या इंग्लंडमध्ये त्याचे तीन प्रकार मानले जात. प्रवाशांना मुक्काम आणि घोड्यांना तबेला देणारी सराय हा पहिला. प्रामुख्याने द्राक्षमद्य विकणारे आणि त्यामुळे थोड्या वरच्या वर्गाचे मद्यगृह हा दुसरा. आणि घरच्याच खोलीत सामान्य माणसाला बिअर विकणारे साधे घर हा तिसरा. बंदरात तिसऱ्याची संख्या अर्थातच सर्वांत मोठी. खलाशी तेथे उतरत, तेथेच त्यांना पुढच्या जहाजाची नोकरी मिळे, पत्रे येत, उधारी साठे. मालाचे लिलाव तेथे होत आणि संशयास्पद मृत्यूची कॉरोनरची चौकशीही तेथेच बसे, कारण वस्तीत एवढी मोठी खोली दुसरीकडे नसे. मराठीतील ‘गुत्ता’ हा शब्द आज आपण तुच्छतेने उच्चारतो. परंतु त्याचा मूळ अर्थ मक्ता, म्हणजे सरकारकडून घेतलेले कंत्राट असा आहे. दारू विकण्याचा अधिकार सरकारकडून मिळतो आणि त्याची कोठेतरी नोंद राहते, हे आपल्या भाषेनेही जपून ठेवले आहे. मद्यगृहाच्या इतिहासाची गुरुकिल्ली नेमकी हीच आहे.

पाटीवरचे वर्ष

ब्रिस्टॉलला जाणाऱ्या प्रवाशाला किंग स्ट्रीटवर ‘लँडोगर ट्रो’ नावाचे लाकडी सांगाड्याचे देखणे मद्यगृह दाखवितात. ‘ट्रो’ म्हणजे सपाट बुडाची मालवाहू होडी आणि ‘लँडोगर’ हे वाय नदीकाठच्या वेल्समधील लँडोगो गावाच्या नावाचे रूप. इमारत १६६४ ची. मूळ पाच घरांची रांग होती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात दोन घरे गेली, तीन उरली. डॅनियल डिफो याला अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी येथे भेटला आणि त्यातून ‘रॉबिन्सन क्रूसो’ जन्मास आला, असे तेथे आवर्जून सांगतात. सेलकर्क निर्जन बेटावर राहिला हे खरे. १७०९ मध्ये ब्रिस्टॉलच्याच वुड्स रॉजर्स या कप्तानाने त्याला तेथून सोडविले हेही खरे, आणि कादंबरी १७१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र दोघांच्या या भेटीला त्या काळातील एकही कागद साक्ष देत नाही. फ्रॉगमोर स्ट्रीटवरील ‘हॅचेट इन’ या मद्यगृहावर १६०६ हे वर्ष सांगितले जाते आणि त्याच्या दारावरील डांबराच्या थरांखाली माणसाचे कातडे आहे अशी कथा आहे. अशा कथांनी गिऱ्हाईक वाढते. इतिहास वाढत नाही.

पाटीवर वर्ष दिसले की संशोधकाने विचारावयाचे ते हे वर्ष कशाचे आहे. इमारतीचे, मद्यविक्रीच्या परवान्याचे, सध्याच्या नावाचे, की केवळ त्या जागेचे? या चार गोष्टींची वये क्वचितच एक असतात. १६६४ मध्ये बांधलेले घर आधी व्यापाऱ्याचे निवासस्थान असू शकते आणि त्यात मद्य पुढच्या शतकात विकले जाऊ लागलेले असू शकते. उलटपक्षी, १९०० च्या सुमारास नव्याने बांधलेल्या इमारतीतील परवाना दीडशे वर्षांचा असू शकतो. नाव तर सर्वांत चंचल. चालक बदलला, आरमाराचा एखादा विजय झाला, नवा राजा गादीवर आला की फलक बदले; कधी जुने नाव उचलून चालक शेजारच्या गल्लीत जाई आणि मागे उरलेले घर दुसरे नाव घेई.

फलकांविषयी आपल्या वाचकांना विशेष कुतूहल वाटेल, कारण त्यांतील अनेक नावे ख्रिस्ती श्रद्धेच्या परिचयाची आहेत. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या हे संत पेत्राचे चिन्ह, ‘क्रॉस कीज’ या नावाने शेकडो मद्यगृहांवर लागले. ‘लॅम्ब अँड फ्लॅग’ म्हणजे ध्वज धारण केलेला देवाचा कोकरू. ‘होप अँड अँकर’ या नावामागे आशेला जिवाचा नांगर म्हणणारे इब्री लोकांस पत्रातील वचन आहे आणि बंदरात तर ते दुहेरी अर्थाने शोभते. बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नसण्याच्या काळात चित्र हीच पाटी होती आणि ती चित्रे चर्चच्या भिंतींवरून व काचांवरून लोकांच्या डोळ्यांत आधीच बसलेली होती. तथापि येथेही घाई उपयोगाची नाही. ‘सेव्हन स्टार्स’ म्हणजे सात तारे. प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या उजव्या हातात सात तारे दिसतात. पण खलाशी ज्यांच्याकडे पाहून वाट काढीत ते सप्तर्षी आणि कृत्तिका यांचे तारेही सातच मोजतात. केवळ नावावरून एखादे मद्यगृह पूर्वी मठाची धर्मशाळा होते असे ठरविणारे लेखक बरेच आहेत. कागद मिळेपर्यंत त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

कागद कोठे आणि का

असे कागद निर्माण झाले ते नियंत्रणाच्या गरजेतून. १५५२ मध्ये, सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात, बिअर विकणाऱ्या प्रत्येकाने दंडाधिकाऱ्यांकडून परवाना घ्यावा आणि जामीनदारांसह जातमुचलका लिहून द्यावा असा कायदा झाला. आपल्या घरात बेकायदा जुगार चालू देणार नाही, सुव्यवस्था राखीन, अशी ती हमी असे. १७५३ च्या कायद्याने या जातमुचलक्यांची रीतसर नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आणि १८२८ पर्यंत ही पद्धत चालली. म्हणून ही पाऊणशे वर्षे संशोधकाच्या दृष्टीने सोन्याची. चालकाचे नाव, परगणा किंवा पॅरिश, जामीनदारांची नावे आणि पुष्कळदा फलकाचे नाव एका ओळीत मिळते. वर्षामागून वर्ष अशा ओळी लावत गेले की एखादे घर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले हे उलगडते. मध्येच एखाद्या वर्षी पुरुषाच्या जागी त्याच आडनावाची स्त्री दिसते. नवरा वारला आणि विधवेने परवाना आपल्या नावावर घेतला, हे मृत्यूच्या नोंदवहीत पाहण्याआधीच समजते. ब्रिस्टॉलच्या अठराव्या शतकाच्या मध्यातील अशा याद्या पॅट्रिक मॅकग्रा आणि मेरी विल्यम्स यांनी संपादित करून १९७९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, त्यामुळे या शहरावर काम करणाऱ्याची वाट बरीच सोपी झाली आहे.

१८२८ नंतर मात्र अंधार पडतो. त्यात १८३० च्या कायद्याने कोणाही करदात्याला दंडाधिकाऱ्यांकडे न जाता अबकारी खात्यात दोन गिनी भरून केवळ बिअर विकण्याची मुभा दिली. जिनसारख्या कडक दारूपासून लोकांना बिअरकडे वळवावे हा हेतू होता. परिणामी घरोघरी बिअरची दुकाने निघाली आणि अबकारी खात्याचे ते कागद फारसे टिकले नाहीत. १८६९ मध्ये ही दुकाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात आली आणि १८७२ च्या कायद्याने परवान्यांच्या नोंदवह्या अनिवार्य झाल्या, तेव्हा पुन्हा उजेड येतो. १९०४ मध्ये अनावश्यक मद्यगृहे नुकसानभरपाई देऊन बंद करण्याचा कायदा आला. भरपाई ठरविताना प्रत्येक घराच्या खोल्या, विक्री आणि शेजारची इतर मद्यगृहे यांचा तपशील लिहिला गेला. बंद होणाऱ्या घरांची माहिती चालू राहिलेल्या घरांपेक्षा कधीकधी अधिक चांगली मिळते ती यामुळे.

मधली पोकळी भरून काढण्यासाठी डिरेक्टऱ्या उपयोगी पडतात. ब्रिस्टॉलची पहिली डिरेक्टरी स्केचली याने १७७५ मध्ये काढली आणि १७९३ पासून मॅथ्यूज यांची डिरेक्टरी निघू लागली. या व्यापाऱ्यांसाठी छापलेल्या नावपत्त्यांच्या वह्या होत. त्यांत मद्यगृहचालक ‘व्हिक्च्युअलर’ म्हणजे अन्नपेय पुरविणारा या नावाने सापडतो, हे नवशिक्याला ठाऊक नसते. शिवाय माहिती गोळा होऊन पुस्तक छापून येईपर्यंत काळ जाई; त्यामुळे डिरेक्टरीतले वर्ष एखाद-दोन वर्षे मागेपुढे धरावे आणि तीत नाव नाही म्हणून घरच नव्हते असे कधीही म्हणू नये. १८४१ पासूनच्या जनगणनेत त्या छपराखाली झोपलेली सारी माणसे नावानिशी मिळतात. चालकाची मुले, मोलकरीण, भाड्याने उतरलेले खलाशी, काहींच्या पुढे परदेशी जन्मस्थान. पुढच्या दहा वर्षांनी पाहावे तर मोलकरीण घरधनीण झालेली असते! रस्त्यांचे घरक्रमांक मात्र अधूनमधून बदलले गेले आहेत. क्रमांकावर विसंबून राहिल्यास शेजारच्याचा इतिहास आपल्या घराला चिकटतो.

नकाशे हे त्यावरचे औषध. ब्रिस्टॉलला १६७३ चा मिलर्डचा नकाशा आणि १८२८ चा ॲशमीडचा मोजणी-नकाशा लाभला आहे. जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहण्याची सोय नगर परिषदेने इंटरनेटवर करून दिली आहे. २४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॅसल स्ट्रीट आणि वाइन स्ट्रीट हा जुन्या शहराचा गाभा जाळला, त्यामुळे तेथील मद्यगृहांचे स्थान आता केवळ नकाशावरच सापडते. राहिली खरेदीखते. एकोणिसाव्या शतकात मोठ्या बिअर कारखान्यांनी मद्यगृहे विकत घेऊन त्यांना आपलीच बिअर विकण्याच्या अटीने बांधून टाकले. अशा खरेदीबरोबर दस्तांची जुनी गाठोडी कंपनीच्या तिजोरीत गेली आणि चालकाच्या माळ्यावर उंदरांनी कुरतडली असती ती शाबूत राहिली. गरीब गिऱ्हाइकाला बांधणारी ही पद्धत प्रशंसनीय म्हणता येत नाही, पण इतिहासकार तिचा ऋणी आहे.

मार्श स्ट्रीटवरील एकोणीस रात्री

आता मूळ हकिकतीकडे वळू. १६९८ मध्ये आफ्रिकेच्या व्यापारावरील लंडनच्या कंपनीची मक्तेदारी संपली आणि ब्रिस्टॉलचे व्यापारी गुलामांच्या व्यापारात उतरले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो बंद करेपर्यंत या एका बंदरातून गुलामवाहू जहाजांच्या दोन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. जहाज येथून माल घेऊन आफ्रिकेला जाई, तेथे माणसे भरून अटलांटिकपार नेई आणि साखर घेऊन परत येई. साखळदंडातील ती माणसे बहुधा ब्रिस्टॉलच्या नजरेस पडत नसत; नजरेस पडत ते खलाशी.

१७८७ च्या मे महिन्यात लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली आणि थॉमस क्लार्कसन हा सत्तावीस वर्षांचा तरुण पुरावे जमविण्यासाठी घोड्यावरून ब्रिस्टॉलला निघाला. अँग्लिकन पंथाची उपदीक्षा घेतलेला हा विद्यार्थी; १७८५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या लॅटिन निबंधस्पर्धेसाठी त्याने गुलामगिरीवर लिहिले आणि त्या विषयाने त्याला पुढे सोडले नाही. त्याने १८०८ मध्ये या चळवळीचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात तो लिहितो की संध्याकाळी आठच्या सुमारास एका वळणावर धुरकट हवेत शहर दिसले, चर्चच्या घंटा अकस्मात कानी आल्या आणि आपण किती बलाढ्य लोकांशी झुंज घेण्यास निघालो आहोत या जाणिवेने त्याचे मन उदास झाले.

त्याला एक गोष्ट उमगत नव्हती. गुलामवाहू जहाजांवर खलाशांचेही अतोनात हाल होतात, मृत्यूचे प्रमाण भयंकर आहे, हे बंदरात सर्वांना माहीत होते. मग या जहाजांना माणसे मिळतात कशी? या शोधात त्याची गाठ ‘सेव्हन स्टार्स’च्या चालकाशी पडली. क्लार्कसन त्याचे केवळ आडनाव देतो : थॉम्सन. सफरीवरून परतलेल्या खलाशांना हा गृहस्थ आपल्याकडे ठेवून घेई आणि त्यांना दुसऱ्या जहाजावर काम मिळवून देई. गुलामांच्या व्यापाराशी मात्र त्याने कसलाही संबंध ठेवला नव्हता. आपल्या भरवशावर राहिलेल्या माणसांना आपण त्या जहाजांवर पाठवितो असे कळले तर आपल्या घराची पत बुडेल, असे त्याचे म्हणणे होते. पुण्यवान माणसाची ही भाषा नव्हे, धंदेवाइकाची आहे. म्हणूनच पुरावा म्हणून तिचे मोल मोठे. त्या व्यापाराची खलाशांमध्ये काय अपकीर्ती होती ते ती दाखविते.

क्लार्कसनला ऐकीव माहिती पुरेशी वाटेना. तेव्हा थॉम्सन त्याला मध्यरात्रीच्या सुमारास धक्क्याजवळच्या मार्श स्ट्रीटवरील मद्यगृहांत घेऊन जाऊ लागला. अशा एकोणीस फेऱ्या झाल्या. नाचगाणी, दंगा, शिवीगाळ रात्रभर चाले. गुलामवाहू जहाजाचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, चालकाशी संधान बांधून बसलेला असे. बंदराला नवखा तरुण खलाशी आला की त्याच्यापुढे अधिक पगाराची व नव्या मुलखाची चित्रे रंगविली जात. भुलला तर होडी तयारच. भुलला नाही तर त्याला शुद्ध हरपेपर्यंत पाजले जाई आणि चालक व मेट यांच्यात त्याचा सौदा ठरे. जे खलाशी मुक्कामालाच असत त्यांना, गुलामवाहू जहाज निघण्याच्या दिवसांतच, ऐपतीबाहेर उधारी करू दिली जाई. मग त्यांच्यापुढे दोनच दारे उघडी राहत : ते जहाज किंवा कर्जदाराचा तुरुंग.

ही साक्ष किती विश्वसनीय? एकवीस वर्षांनी छापलेला हा ग्रंथ चळवळीच्या नेत्याने लिहिलेला आहे, तटस्थ माणसाने नव्हे. त्यातले एक विधान आपल्यासारख्या वाचकांना टोचेल : मार्श स्ट्रीटवरील बहुतेक मद्यगृहे त्या वेळी आयरिश लोक चालवीत होते, असे तो म्हणतो. ते नाकारण्याची घाई करू नये, तसेच इंग्रजांच्या मनात आयरिश कॅथलिकांविषयी असलेल्या जुन्या आकसाचा विसर पडू देऊन ते गिळूही नये. आयरिश म्हणजे कॅथलिकच असेही नाही. या विधानाची कसोटी पाहण्याचे साधन परवान्यांच्या याद्या, पॅरिशची विवाह व दफन नोंदवही आणि डिरेक्टरी हेच आहे : रस्ता घ्यावा, चालकांची नावे एकेक करून लिहावी आणि मोजावे.

क्लार्कसनने स्वतः हेच केले, म्हणून त्याचा ग्रंथ टिकला. मद्यगृहांत जे पाहिले ते त्याने ब्रिस्टॉलच्या ‘मर्चंट व्हेंचरर्स’ या व्यापारी मंडळाच्या सभागृहातील जहाजांच्या हजेरीपटांशी ताडून पाहिले. प्रत्येक सफरीचा हजेरीपट ठेवणे कायद्याने आवश्यक होते. खलाशाचे नाव, तो केव्हा चढला, केव्हा उतरला, वाटेत मेला की पळाला हे त्यात लिहिलेले असे. ते चाळल्यावर त्याने नमूद केले की ठरावीक काळात ब्रिस्टॉलच्या केवळ तीन गुलामवाहू जहाजांवर जेवढी माणसे मेलेली आढळतील, तेवढी त्या बंदराच्या बाकीच्या साऱ्या जहाजांवर मिळूनही आढळणार नाहीत. गुलामांचा व्यापार ही ब्रिटिश खलाशांची प्रशिक्षणशाळा आहे, असा व्यापारी पक्षाचा आवडता युक्तिवाद होता. तो या आकड्यांपुढे टिकेना. आफ्रिकन माणसाच्या दुःखाने न हलणाऱ्या खासदाराला आपल्या आरमाराच्या काळजीने का होईना, ऐकावे लागले. मानवी अंतःकरणाविषयी ही फारशी अभिमानाची गोष्ट नव्हे.

मार्श स्ट्रीटवरील त्या काळची घरे आज राहिलेली नाहीत. थॉमस लेनमधील ‘सेव्हन स्टार्स’ मात्र उभे आहे आणि क्लार्कसनच्या भेटीची आठवण सांगणारा फलक त्याच्या भिंतीवर लावलेला आहे. किंग स्ट्रीटवरील क्रूसोच्या कथेइतकी गर्दी तेथे होत नाही. मर्चंट व्हेंचरर्सचे हजेरीपटही शिल्लक आहेत. मागील जहाजाचा रकाना असलेल्या त्या पानांवर मार्श स्ट्रीटमधून एका रात्रीत उचलल्या गेलेल्या कोणाकोणाचे नाव, आणि नावापुढे मृत्यूची तारीख, वाचता येते.